पोलिसात कोणाला घ्यायचं हे पळण्यावरून ठरवू नका

एखाद्या पोलिसानं निरपराध माणसाला मारलं, कोठडीत कोणाचा जीव गेला, की दरवेळी तीच चर्चा सुरू होते, ट्रेनिंग वाढवा, अंगावर कॅमेरे लावा, चौकशी समिती नेमा, आणि हे सगळं गरजेचं आहेच, माझा त्याला विरोध नाही. पण एक प्रश्न जवळपास कोणीच विचारत नाही आणि मला तोच सगळ्यात आधी विचारावासा वाटतो. या माणसाचा नोकरीचा अर्ज कुठे आहे? तो कोणी वाचला, कोणी तपासला, आधीच्या नोकरीत जाऊन कोणी चौकशी केली, आणि घ्या याला म्हणून सही कोणी केली?

क्लीव्हलँडचंच बघा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं शहर. २२ नोव्हेंबर २०१४ ला तिथल्या एका बागेत १२ वर्षांचा तामिर राईस खेळण्यातली बंदूक घेऊन फिरत होता, कोणीतरी पोलिसांना फोन केला, बंदूक बहुतेक खोटी असावी असंही त्या फोनवर सांगितलं होतं पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही, गाडी आली, आणि आल्यापासून दोन सेकंदांच्या आत एका पोलिसानं गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. आता हा गोळी झाडणारा कोण होता? तो २०१२ मध्ये जवळच्याच इंडिपेंडन्स नावाच्या उपनगरात पोलीस म्हणून लागला होता आणि काही महिन्यांतच तिथून बाहेर पडला, कारण गोळीबाराच्या सरावात त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला होता, साध्या सूचना त्याला पाळता येत नव्हत्या, आणि तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं लेखी नोंद करून ठेवली होती की कितीही वेळ दिला, कितीही ट्रेनिंग दिलं तरी हे सुधारेल असं वाटत नाही. ही नोंद फाइलमध्ये होती. क्लीव्हलँडनं मार्च २०१४ मध्ये त्याला घेतलं तेव्हा ती फाइल उघडून बघितलीच नाही.

ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, डिसेंबर २०१५ मध्ये त्याच्यावर खटला भरायला नकार दिला. शहरानं कुटुंबाला ६० लाख डॉलर दिले. आणि २०१७ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं ते कशासाठी, तर गोळी झाडली म्हणून नाही, भरतीच्या फॉर्मवर आधीच्या नोकरीबद्दल खरं लिहिलं नाही म्हणून. म्हणजे ज्या कागदावरून एका मुलाचा जीव वाचला असता तो कागद वेळेवर वाचलाच गेला नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पोलिसांच्या हाती आपण जेवढा अधिकार देतो, अडवायचा, झडती घ्यायचा, बेड्या घालायचा, वेळ पडली तर गोळी घालायचा, तेवढा दुसऱ्या कुठल्याच नोकरीत पहिल्या दिवशी मिळत नाही. तो द्यायचा की नाही हे ठरवायची सगळ्यात चांगली संधी भरतीच्या वेळी असते, नंतर काढून टाकणं महाकठीण होऊन बसतं, युनियन असते, अपील असतं, कोर्ट असतं. आणि नेमकी ही संधी बहुतेक ठिकाणी पळणं, उंची आणि पाठांतरावर खर्च होते, आणि माणूस आजवर कसा वागला हा जो खरा प्रश्न आहे तो शेवटच्या एका शिक्क्यावर उरकला जातो, व्हेरिफिकेशन झालं, ओके.

फिटनेस नको असं मी म्हणत नाही, कोणी चुकीचा अर्थ काढू नका. दमछाक झालेला पोलीस घाबरतो आणि घाबरलेला पोलीस जास्त धोकादायक असतो हे खरं आहे. पण फिटनेस ही किमान पायरी आहे, ती ओलांडली की विषय संपायला हवा. इंग्लंडमध्ये साध्या पोलिसासाठी पंधरा मीटरच्या अंतरात बीपच्या तालावर ये-जा करत पळायची टेस्ट असते, लेव्हल ५.४ गाठायची, साधारण साडेतीन मिनिटांत संपते, पास किंवा नापास, त्याच्यापुढे किती पळालात याला वेगळे मार्क नाहीत. मला हे पटतं. याउलट जिथे एकेका सेकंदावर मार्क कापले जातात तिथे काय होतं की मुलं-मुली वर्षानुवर्षं मैदानावर घाम गाळतात, पायाची हाडं दुखवून घेतात, आणि मग नोकरीत पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे येते ती दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची तक्रार, रस्त्यात स्वतःशीच बडबडत उभा असलेला मनोरुग्ण, हरवलेलं पोर, अपघातात गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन बातमी सांगायचं काम. यातलं काय पळून सुटणार आहे?

उंची-वजनाच्या अटींचंही तेच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे १९७७ मध्ये अलाबामातल्या तुरुंगरक्षकांच्या भरतीचा खटला आला होता, अट होती ५ फूट २ इंच उंची आणि १२० पौंड वजन, दिसायला किरकोळ, पण देशातल्या ४१ टक्क्यांहून जास्त बायका त्या एका अटीनं बाद होत होत्या आणि पुरुष एक टक्कासुद्धा नाही, आणि या अटीचा कामाशी नेमका संबंध काय हे राज्याला सांगता आलं नाही. कोर्टानं ती अट रद्द केली. दुसरीकडे लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी मारहाण केली, त्यानंतर नेमलेल्या ख्रिस्तोफर कमिशन या चौकशी समितीनं पोलिसांचे रेकॉर्ड तपासले, तेव्हा बळाचा वापर सगळ्यात जास्त करणाऱ्या १२० जणांच्या यादीत एकही बाई नव्हती, दलात १३ टक्के बायका असून. आता मला सांगा, टेपनं माणूस मोजून आपण नक्की कोणाला बाहेर ठेवत होतो?

बरं, अंगाची ताकद सोडा, बुद्धीचं काय? तर न्यू लंडन नावाच्या कनेक्टिकटमधल्या छोट्या शहरात १९९६ मध्ये एका उमेदवाराला मुलाखतीलाच बोलावलं नाही कारण लेखी परीक्षेत त्याला फार जास्त मार्क पडले होते. ५० पैकी ३३. तिथलं खातं २० ते २७ मार्कवाल्यांनाच बोलवायचं, कारण काय तर हुशार माणूस या कामाला कंटाळतो आणि ट्रेनिंगवर खर्च केल्यावर सोडून जातो. तो कोर्टात गेला आणि हरला, अपीलातसुद्धा, २००० साली. सगळ्यांना एकच नियम लावलाय ना, मग भेदभाव नाही, असं कोर्ट म्हणालं. कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही, पण एखादं खातं स्वतःच्या कामाबद्दल असं मानत असेल की डोकं चालणाऱ्याला इथे करमणार नाही, तर त्या खात्यानं भरतीचा निकष बदलायच्या आधी स्वतःचं काम बदलायला हवं.

मग बघायचं काय? याचं उत्तर त्याच ख्रिस्तोफर कमिशननं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. त्यांनी म्हटलं की भरतीच्या वेळची मानसशास्त्रीय चाचणी माणूस पुढे हिंसक होईल का हे ओळखायला फारशी उपयोगी पडत नाही, आणि पार्श्वभूमीच्या तपासात उमेदवाराच्या आधीच्या हिंसेकडे पुरेसं लक्षच दिलं जात नाही, खरं म्हणजे माणूस पुढे कसा वागेल हे सांगणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे तो आधी कसा वागला. इतकी साधी गोष्ट. तरी आजही पैसा जातो कुठे, तर मशीनवर. अमेरिकेत खासगी कंपन्यांना नोकरीसाठी लाय डिटेक्टर वापरायला १९८८ पासून कायद्यानं जवळपास बंदी आहे, सरकारी खात्यांना मात्र सूट, म्हणून पोलीस भरतीत तो सर्रास चालतो, आणि २००३ मध्ये तिथल्याच नॅशनल रिसर्च काउन्सिलनं अभ्यास करून सांगितलं की कर्मचारी निवडायला या मशीनवर विसंबता येईल इतकी त्याची अचूकता नाही. खोटं पकडायचं असेल तर मशीन नको, पायी फिरणारा तपासनीस हवा. जुन्या मालकाकडे जाणारा, घरमालकाला भेटणारा, घटस्फोट झाला असेल तर त्या बाईचंही ऐकून घेणारा, हाताखाली काम केलेल्या लोकांना विचारणारा की हा माणूस तुमच्याशी कसा वागायचा. हाताखालच्यांना विचारणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, वरिष्ठांशी गोड सगळेच बोलतात.

आता हे सगळं माहीत असूनही होत का नाही? घाई. मला वाटतं या विषयातला खरा शत्रू भ्रष्टाचार किंवा वशिला यांच्याइतकाच घाई हा आहे, आणि घाईवर कोणी बोलत नाही कारण ती लोकांनाच हवी असते. गुन्हे वाढले की लोक ओरडतात, पुढारी आकडा जाहीर करतात, इतके हजार पोलीस भरणार, अमुक तारखेच्या आत, आणि एकदा आकडा आणि तारीख ठरली की तपास करणाऱ्या माणसाच्या टेबलावर फाइलींचा ढीग लागतो आणि वरून फोन येतात, लवकर काढा.

वॉशिंग्टन डीसीमध्ये हेच झालं. क्रॅक कोकेनच्या काळात खून वाढले होते, काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, शहराच्या मागे लागून भरती करायला लावली, केलीत नाही तर पैसे अडवू म्हणून, आणि १९८९-९० या दोन वर्षांत सुमारे दीड हजार पोलीस भराभर घेतले गेले, तपास अर्धवट, ट्रेनिंग घाईत. त्याची फळं पुढे कित्येक वर्षं शहरानं भोगली, १९९३ च्या शेवटी एफबीआयनं ड्रग्जच्या पैशांसाठी पहारा देणारे डझनभर पोलीस एकाच सापळ्यात पकडले. मायामीचंही तसंच, १९८० च्या दंगलीनंतर आणि क्युबातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यानंतर घाईघाईत दल वाढवलं, आणि १९८५ मध्ये कळलं की काही पोलीस स्वतःच कोकेनच्या बोटी लुटतायत, त्यांच्यापासून पळताना तीन तस्कर नदीत बुडून मेले तेव्हा ते उघडकीला आलं.

आणि हे जुनं झालं म्हणावं तर इंग्लंडकडे बघा. २०१० नंतर खर्चकपातीत तिथे सुमारे २०,००० पोलीस कमी झाले, मग २०१९ मध्ये सरकारनं घोषणा केली की मार्च २०२३ पर्यंत २०,००० परत भरणार. आकडा पूर्ण झाला. पण मध्येच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेनं ७२५ व्हेटिंग फाइली, म्हणजे उमेदवाराच्या पार्श्वभूमीच्या तपासाच्या फाइली, उघडून पाहिल्या आणि त्यातल्या १३१ ठिकाणी निर्णय शंकास्पद निघाले. म्हणजे जवळजवळ पाच-सहा फाइलींमागे एक. यात गुन्हेगारी नोंदी असलेले, गुन्हेगारांशी घरोबा असलेले, बायकांच्या तक्रारी असलेले लोक पास झालेले होते. 

हा तपास का निघाला होता तेही लक्षात ठेवायला हवं. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सारा एव्हरार्ड ही ३३ वर्षांची तरुणी रात्री पायी घरी चालली होती, नोकरीत असलेल्या एका पोलिसानं तिला आपलं ओळखपत्र दाखवलं, बेड्या घातल्या, गाडीत बसवलं, बलात्कार केला आणि खून केला. ओळखपत्र खरं होतं, बेड्या खऱ्या होत्या, आपणच दिलेल्या. २९ फेब्रुवारी २०२४ ला त्या प्रकरणाचा चौकशी अहवाल आला आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की हा माणूस कधीच पोलीस व्हायला नको होता. २००८ मध्ये लंडनजवळच्या केंट भागातल्या पोलिसांनी त्याला व्हेटिंगमध्ये नाकारलं होतं. तरी २०११ मध्ये तो अणुकेंद्रांचं रक्षण करणाऱ्या दलात शिरला, तिथून २०१८ मध्ये लंडनच्या मेट पोलिसात. २०१५ मध्ये कमरेखाली नग्न होऊन गाडी चालवणाऱ्या माणसाची तक्रार केंटमध्ये झाली होती आणि ती गाडी याच्या नावावर होती, तेही बदलीच्या वेळच्या तपासात कोणाच्या नजरेत आलं नाही. एका दारातून हाकललेला माणूस दुसऱ्या दारातून आत आला, कारण दुसऱ्या दाराला पहिल्या दाराचं कारण ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक असून चाललं.

स्थानिक पोलीस म्हटल्यावर हा धोका वाढतो. अमेरिकेत जवळपास १८,००० वेगवेगळी पोलीस खाती आहेत आणि स्थानिक खात्यांपैकी साधारण निम्म्यांत दहासुद्धा पोलीस नाहीत. असं छोटं खातं तपासासाठी वेगळा माणूस कुठून आणणार? त्यांना तयार ट्रेनिंग झालेला माणूस स्वस्तात मिळतो तो दुसरीकडून काढलेला. फ्लोरिडातल्या तीस वर्षांच्या नोंदींवर २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की कुठल्याही वर्षी राज्यात सरासरी ११०० च्या आसपास असे पोलीस काम करत होते ज्यांना आधी दुसऱ्या खात्यानं कामावरून काढलं होतं, आणि हे लोक पुन्हा काढले जाण्याची शक्यता नवख्या पोलिसांपेक्षा जास्त होती. आणि हे लोक जातात कुठे? ज्या गावांकडे पैसा कमी तिथे. म्हणजे गरीब वस्तीला दुसऱ्यानं टाकलेला पोलीस. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

आता विरोधी बाजू. लोक म्हणतात, बाबा, आधीच अर्ज येत नाहीत, २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यानंतर तिथल्या कित्येक शहरांत तरुण या नोकरीकडे फिरकत नाहीत, त्यात तुम्ही चाळणी आणखी बारीक केली तर जागा रिकाम्या राहतील आणि फोन केल्यावर कोणी येणारच नाही. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. मदतीला हाक मारल्यावर कोणी न येणं हे ज्यांच्यावर ओढवतं ते बहुतेकदा गरीबच असतात. पण रिकामी जागा वाईट असली तरी ती कोणाला बेड्या घालत नाही, चुकीच्या माणसानं भरलेली जागा मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षं रोज काहीतरी बिघडवत राहते, वर नव्यांना तेच शिकवते. शिवाय चाळणी कडक म्हणजे अर्ज कमी हे गणितच मला पूर्ण पटत नाही. फिनलंडमध्ये तामपेरेच्या पोलीस विद्यापीठात तीन वर्षं शिकल्यावर पोलीस होतात, नॉर्वेतही तीन वर्षांची पदवी आहे, आणि तिथे प्रवेशासाठी चुरस असते. अमेरिकेत २०१८ च्या सरकारी आकड्यांनुसार अकादमीतलं मूळ ट्रेनिंग सरासरी ८३३ तासांचं होतं, म्हणजे साधारण पाच महिने, तरी अर्जदारांच्या दुष्काळाची ओरड तिथे होतेच. ज्या कामाला मान आहे तिथे चांगली माणसं रांग लावतात, आणि मान हा निवड कशी होते यावरूनही ठरतो. अर्थात पगार, कामाचे तास, कुटुंबाला वेळ हेही आहेच, नुसत्या परीक्षेनं माणसं येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या बाजूच्या लोकांकडूनच येतो. पार्श्वभूमी तपासा, तपासा म्हणता, पण ज्या वस्त्यांत पोलीसच पोरांना उगाच उचलतात, किरकोळ कारणावरून केस टाकतात, तिथल्या पोरांच्या नावावर काही ना काही असतंच, मग तुमच्या कडक तपासात नेमकी तीच बाद होणार आणि दलात पुन्हा त्याच त्या घरांतली, त्याच त्या भागांतली माणसं राहणार. हे अगदी खरं आहे. म्हणून तपास कडक हवा याचा अर्थ तपास आंधळा हवा असा होत नाही.

भारताच्या सुप्रीम कोर्टापुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय आणि मला त्यातले दोन निकाल फार मोलाचे वाटतात. पहिला २०११ चा, दिल्ली पोलिसात हेड कॉन्स्टेबलसाठी १९९९ मध्ये अर्ज केलेल्या एका तरुणाचा. त्याच्यावर आधी मारहाणीची केस होती, आपसात मिटून तो सुटला होता, पण अर्जात त्यानं ती लिहिली नाही, पुढच्या फॉर्मवर स्वतःहून सांगितली, तरी त्याला अपात्र ठरवलं. कोर्टानं म्हटलं की तेव्हा तो वीस-एक वर्षांचा पोरगा होता, या वयात हातून चुका होतात, गुन्हा फार गंभीर नव्हता, त्याच्यासाठी आयुष्यभराचा शिक्का मारू नका. दुसरा २०१६ चा अवतार सिंग खटल्याचा निकाल, तीन न्यायाधीशांच्या पीठाचा. त्यात नियम जास्त नीट मांडले, की माहिती खरीच द्यायला हवी, लपवली तर खातं नोकरी नाकारू शकतं, पण डोळे मिटून नाही, गोष्ट किरकोळ होती का, म्हणजे तरुण वयात घोषणा दिल्या म्हणून झालेली केस वगैरे, की गंभीर होती, प्रश्न स्पष्ट विचारला होता का, उमेदवाराला त्या केसची माहिती तरी होती का, हे सगळं बघून ठरवायचं. आणि एखाद्यानं खरं सांगितलं तरी त्याला घ्यायलाच पाहिजे असंही नाही, खात्याला विचार करायचा हक्क राहतो.

मला या विचारात पुढे एक पाऊल टाकावंसं वाटतं. भरतीत चूक आणि खोटं यांना एकाच तराजूत तोलू नका. अठराव्या वर्षी भांडणात हात उचलला, नंतर दहा वर्षं सरळ जगला आणि फॉर्मवर पहिल्याच रकान्यात ते स्वतःच्या हातानं लिहिलं, अशा उमेदवाराला मी कोरी पाटी असलेल्यापेक्षा कमी लेखणार नाही, उलट मुलाखतीत त्याला त्याबद्दलच विचारीन, काय झालं होतं, समोरच्याला काय लागलं, आज तो माणूस भेटला तर काय म्हणाल. पण पंचविसाव्या वर्षी फॉर्मवर खोटं लिहिलं, तेही छोट्याशा गोष्टीवर, तर मी थांबेन, कारण पोलिसाच्या कामाचा मोठा भाग म्हणजे लिहिणं आहे. पंचनामा लिहिणं, जबाब लिहिणं, काय पाहिलं ते लिहिणं, आणि त्याच्या त्या लिहिण्यावर कोणीतरी तुरुंगात जातं किंवा सुटतं. स्वतःच्या नोकरीसाठी कागदावर खोटं लिहिणारा दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या बाबतीत खरंच लिहील हे मी कशावरून मानू? आणि हिंसेचा, विशेषतः घरातल्या बायका-पोरांवरच्या हिंसेचा, इतिहास असेल तर कितीही प्रांजळपणे सांगितला तरी या नोकरीत त्याला जागा नाही, दुसऱ्या नोकऱ्या आहेत.

एक गोष्ट मात्र खात्यांनी करायला हवी, की खरं सांगणाऱ्याला शिक्षा होत नाही हे दिसलं पाहिजे. आज उमेदवारांना सीनियर काय सांगतात, कोचिंगवाले काय सांगतात, लिहू नको रे, कोण बघतंय, लिहिलंस तर मेलास. असं ऐकत ऐकत चांगल्या घरातलं सरळ पोरगंही नोकरीत शिरायच्या आधीच खोटं लिहायला शिकतं, आणि हे आपण त्याला शिकवलेलं असतं. प्रत्येक भरतीनंतर खात्यानं नावं न देता जाहीर करावं की इतक्या जणांनी जुन्या केसेस स्वतःहून सांगितल्या, त्यातल्या इतक्यांना घेतलं, इतक्यांना का नाही घेतलं. एवढं केलं तरी पुढच्या वर्षीचे फॉर्म बदलतील.

अर्ज कोण करतं यावरही बोलायला हवं, कारण चाळणीत जे पडतं त्यातूनच निवडायचं असतं. उत्तर आयर्लंडमध्ये जुन्या दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते, लोकसंख्येत मात्र चाळीसच्या वर, आणि अर्ध्या समाजाला ते दल आपलं वाटतच नव्हतं. पोलीस दलात काय बदल हवेत हे सांगणाऱ्या १९९९ च्या पॅटन अहवालानंतर दल नव्यानं उभं केलं आणि २००१ पासून दहा वर्षं भरतीत निम्म्या जागा कॅथलिकांना, निम्म्या इतरांना असा नियम ठेवला, २०११ पर्यंत प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोचलं. टीका खूप झाली, गुणवत्तेचं काय वगैरे, पण ज्या रस्त्यांवर पोलिसाला आपला कोणी मानत नव्हतं तिथली पोरं अर्ज करायला लागली, जिवाची भीती असतानाही, आणि ती भीती खरी होती. न्यूझीलंडच्या पोलिसांनी २०१६ च्या सुमाराला वेगळंच केलं, जाहिरातीत हत्यारं आणि गाड्यांचा पाठलाग न दाखवता रस्त्यावर कचऱ्याच्या डब्यात खायला शोधणारा एक मुलगा उभा केला, म्हणजे नट, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांतलं कोण थांबून त्याची विचारपूस करतं ते दाखवलं. विचारलं काय, तर पोलीस होण्याइतकी तुम्हाला लोकांची काळजी आहे का. मला ही जाहिरात फार आवडते. बंदुका आणि कमांडो दाखवून बोलावलं तर बंदुकांची हौस असलेलेच येणार, मग ट्रेनिंगमध्ये त्यांना प्रेमानं बोलायला शिकवायचं म्हणजे उलटा प्रवास.

जे आता अर्ज भरतायत त्यांच्याशीही थोडं बोलतो. फॉर्म भरताना आठवत नसेल तर आठवेपर्यंत थांबा, जुने कागद काढा, कोर्टाची तारीख, निकालाची प्रत जवळ ठेवा, केस मिटली म्हणजे ती झालीच नव्हती असं नसतं, प्रश्न अटक झाली का असा असेल तर सुटलो म्हणून नाही लिहू नका. आधीच्या नोकरीतून काढलं असेल तर काढलं असंच लिहा आणि का ते दोन ओळींत सांगा. आणि तुम्हीही खात्याला प्रश्न विचारा, तुमचा तो हक्क आहे, पहिल्या वर्षी माझ्याबरोबर कोण असणार, माझ्या वरिष्ठानं चुकीचं केलं तर मी कोणाकडे जायचं, ड्युटीनंतर डोकं ठिकाणावर नसेल तर बोलायला कोणी आहे का. ज्या खात्याला हे प्रश्न आवडत नाहीत तिथे जायच्या आधी विचार करा.

खात्यांकडून मात्र आपण सगळ्यांनी, मतदार म्हणून, तीन गोष्टी मागायला हव्यात असं मला वाटतं आणि तिन्ही फार खर्चिक नाहीत. आधीच्या प्रत्येक पोलीस नोकरीची पूर्ण फाइल वाचल्याशिवाय नेमणूकपत्र निघू नये, आणि वाचणाऱ्यानं नावानिशी सही करावी. काढून टाकलेल्यांची यादी सगळ्या दलांना बंधनकारक असावी, इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०१७ पासून अशी बंदी-यादी आहे, त्यात नाव आलं की दुसऱ्या दलात जाता येत नाही, अमेरिकेत मात्र अशी राष्ट्रीय नोंद असून ती ऐच्छिक आहे, म्हणजे ज्याला द्यायची तो माहिती देतो, ज्याला बघायची तो बघतो. आणि नाकारलेल्या उमेदवाराला लेखी कारण मिळावं, पुन्हा कधी अर्ज करता येईल तेही. तामिर राईसवर गोळी झाडणाऱ्यानं २०१८ मध्ये ओहायोतल्याच एका छोट्या गावात आणि २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या छोट्या गावात परत पोलिसाची नोकरी मिळवली होती, दोन्हीकडे लोकांना कळलं, लोक चिडले, आणि त्याला माघार घ्यावी लागली. दोन्ही वेळा ते थांबवलं लोकांनी, कुठल्याही नियमानं नाही.